हाक कोणी मारायची, दार कोणी उघडायचे : सॉकेटचा इतिहास

१/ मुरुडजवळच्या राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याकडे पाहिले की तट दिसतो, बुरूज दिसतात. महाद्वार मात्र दिसत नाही. होडी अगदी जवळ गेल्यावरच ते बुरुजांच्या आडून उघड होते. समुद्रातल्या किल्ल्यात शिरायचे तर किल्ला कोठे आहे एवढे ठाऊक असून भागत नाही. दार कोणत्या अंगाला आहे आणि ते उघडायला आत कोणी जागे आहे का, हेही ठाऊक असावे लागते.

२/ एका संगणकाला दुसऱ्याशी बोलायचे असते तेव्हा नेमके हेच तीन प्रश्न उभे राहतात : पत्ता कोणता, दार कोणते, आत ऐकणारा कोण. सी भाषेत या प्रश्नांना दिलेल्या उत्तराचे नाव ‘सॉकेट’. हा धागा त्या सॉकेटच्या इतिहासाचा आहे. त्यातला मुख्य प्रश्न तांत्रिक कमी आणि राजकीय अधिक आहे : जोडणी उघडण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि आज कोणाकडे आहे?

३/ हा प्रश्न कोकण किनाऱ्याला नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रातील व्यापारी जहाजांवर ‘कार्ताझ’ हा परवाना लादला. परवाना नसलेले जहाज जप्त होई. पुढे कान्होजी आंग्रे यांनी व्यापाऱ्यांकडून आपले ‘दस्तक’ मागितले. जंजिऱ्याचे सिद्दी मुघलांच्या वतीने याच पाण्यावर हक्क सांगत होते. समुद्र सर्वांचा होता. पण एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाण्याचा हक्क कोणाच्या तरी मुद्रेवर अवलंबून होता.

४/ जाळ्याच्या परिभाषेतही ‘पोर्ट’ आहे. इंग्रजीत त्या शब्दाला बंदर आणि द्वार अशा दोन्ही अर्थांच्या छटा आहेत. संगणकाचा पत्ता एक. पण त्यावर ६५,५३५ पर्यंत क्रमांकांची पोर्ट असू शकतात. पत्र पोहोचवणारा प्रोग्राम २५ व्या पोर्टवर बसतो, वेबचा ८० व्या, तर सुरक्षित वेबचा ४४३ व्या. पत्ता म्हणजे बेट, पोर्ट म्हणजे त्या बेटाचे दार.

५/ ‘सॉकेट’ हा शब्द सी भाषेतल्या सॉकेटपेक्षा जुना आहे. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यासाठी फेब्रुवारी १९७० मध्ये निघालेल्या ‘आरएफसी ३३’ या टिपणात तो आढळतो. मे १९७१ च्या ‘आरएफसी १४७’ चा तर विषयच सॉकेटची व्याख्या हा आहे. त्या काळची जोडणी एकेरी असे. जायला एक मार्ग, यायला दुसरा. म्हणून प्रत्येक संवादाला सॉकेटची जोडी लागे, एक सम क्रमांकाचे आणि एक विषम.

६/ या जुन्या व्यवस्थेचा अवशेष आजही दिसतो. फाइली पाठवण्याचे पोर्ट २१, टेलनेटचे २३, टपालाचे २५. मधले सम क्रमांक का सुटले? जोडणी दुहेरी झाली तेव्हा प्रत्येक सेवेला एकच क्रमांक पुरला, आणि वापरात विषम क्रमांक राहिले. जुन्या तटाचे दगड नव्या बांधकामात दिसावेत, तसाच हा प्रकार.

७/ दुहेरी जोडणी आणली टीसीपीने. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांचा मूळ निबंध मे १९७४ चा; मानक ठरलेले ‘आरएफसी ७९३’ सप्टेंबर १९८१ चे. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने जुनी पद्धत सोडून टीसीपी/आयपी स्वीकारली. या पद्धतीत जोडणी तीन निरोपांत ठरते. पहिला म्हणतो, ‘बोलायचे आहे.’ दुसरा म्हणतो, ‘ऐकले, मलाही बोलायचे आहे.’ पहिला पुन्हा म्हणतो, ‘ऐकले.’ दोन्ही बाजूंची संमती झाल्याशिवाय जोडणी नाही.

८/ पण नियम कागदावर असणे वेगळे आणि सामान्य प्रोग्रामरच्या हाती साधन असणे वेगळे. ते साधन कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात तयार झाले. अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेच्या पैशावर तेथे युनिक्सची सुधारित आवृत्ती घडत होती. बिल जॉय, सॅम लेफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ च्या ‘४.२ बीएसडी’ या आवृत्तीत सॉकेटची रचना जगासमोर ठेवली. आज फोनपासून महासंगणकापर्यंत जवळपास सर्वत्र तीच रचना चालते.

९/ युनिक्सचा आग्रह असा की सर्व काही फाइलसारखे वागावे. मग जोडणीही फाइलप्रमाणे ‘ओपन’ या एका आज्ञेने का उघडली नाही? कारण फाइल उघडणे हे एकतर्फी काम आहे. फाइल काही ‘नाही’ म्हणत बसत नाही. जोडणीला मात्र दुसरी बाजू असते, आणि त्या बाजूला स्वतःची इच्छा असते. म्हणून बर्कलीने उघडण्याचे काम तोडून वेगवेगळ्या आज्ञांत वाटले. वाचणे आणि लिहिणे मात्र फाइलसारखेच राहू दिले.

१०/ हाक मारणाऱ्याचे, म्हणजे क्लायंटचे, काम दोन पायऱ्यांचे. ‘सॉकेट’ ही आज्ञा दिली की कार्यप्रणाली एक लहानसा पूर्णांक परत देते. तो जोडणीचा हातचा क्रमांक. अजून ती कोठेही जोडलेली नसते. मग ‘कनेक्ट’ या आज्ञेला तो क्रमांक, समोरच्याचा पत्ता आणि पोर्ट द्यायचे. स्वतःचे पोर्ट सांगावे लागत नाही. कार्यप्रणाली एखादे रिकामे पोर्ट आपणहून देते. पाहुण्याला स्वतःचे कायमचे दार लागत नाही.

११/ वाट पाहणाऱ्याचे, म्हणजे सर्व्हरचे, काम अधिक. ‘सॉकेट’ने क्रमांक घ्यायचा. ‘बाइंड’ने तो ठरावीक पोर्टशी बांधायचा, म्हणजे दारावर पाटी लावायची. ‘लिसन’ने आपण ऐकत असल्याचे जाहीर करायचे आणि दाराशी किती जणांची रांग धरायची तेही सांगायचे. शेवटी ‘ॲक्सेप्ट’ने रांगेतील एकाला आत घ्यायचे. क्लायंटच्या दोन आज्ञा, सर्व्हरच्या चार. यजमानपण पाहुणेपणापेक्षा महाग असते, हे या आकड्यांतच दिसते.

१२/ ‘ॲक्सेप्ट’मधली खुबी नवशिक्यांना हमखास चकवते. ती आज्ञा जुनेच सॉकेट वापरत नाही. प्रत्येक पाहुण्यासाठी नवे सॉकेट देते. मूळ सॉकेट दारावरच उभे राहते, पुढच्या हाकेची वाट पाहत. म्हणून एकाच ८० व्या पोर्टवर हजारो लोक एकाच वेळी येऊ शकतात. त्यांची गल्लत होत नाही, कारण जोडणीची ओळख चार गोष्टींनी ठरते : दोघांचे पत्ते आणि दोघांची पोर्ट.

१३/ हाक मारूनही जोडणी उघडली नाही तर? अपयशाचे दोन मुख्य प्रकार आहेत. यंत्र जागे आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. तेव्हा तत्काळ ‘नकार’ परत येतो. दुसऱ्या प्रकारात काहीच परत येत नाही. पत्ता मेलेला असतो किंवा मधला पहारेकरी हाक गिळून टाकतो, आणि ‘कनेक्ट’ बराच काळ ताटकळून मुदत संपल्याचे सांगते. नकारातून निदान एवढे कळते की पलीकडे कोणी आहे. मौनातून काहीच कळत नाही.

१४/ आणखी एक अडचण उच्चाराची. मराठीत आपण २५ लिहिताना दोनाचा अंक आधी लिहितो, पण म्हणताना ‘पंचवीस’ म्हणतो : पाच आधी, वीस नंतर. संगणकांतही अशाच दोन परंपरा आहेत. काही यंत्रे संख्येचा मोठा भाग आधी साठवतात, काही लहान. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० च्या टिपणात या दोन पंथांच्या भांडणाची थट्टा केली आणि तह सुचवला. जाळ्यावर मोठा भाग आधी, असा नियम ठरला.

१५/ ४.२ बीएसडी ज्या व्हॅक्स यंत्रांवर घडली ती मात्र लहान भाग आधी साठवणारी होती. म्हणून पोर्ट देण्यापूर्वी क्रमांक जाळ्याच्या क्रमात उलटून घेणारी आज्ञा सी भाषेत वापरावी लागते. ती विसरली तर २५ व्या पोर्टला मारलेली हाक ६,४०० व्या पोर्टवर जाते. पत्ता बरोबर, हेतू बरोबर, दार मात्र भलतेच. आजही बहुतेक संगणक लहान भाग आधीच साठवतात. त्यामुळे ही चूक चाळीस वर्षांनंतरही जिवंत आहे.

१६/ बर्कलीच्या रचनेत एक अधिकाराचा नियमही होता. १०२४ पेक्षा लहान क्रमांकाच्या पोर्टवर बसण्याची मुभा फक्त यंत्राच्या व्यवस्थापकाला. त्यामागे गृहीतक असे : समोरून लहान पोर्टवरून हाक आली, तर ती त्या यंत्राच्या जबाबदार माणसाची आहे. जाळ्यात मोजकी विद्यापीठे आणि प्रयोगशाळा होत्या तोवर हे चालले. घराघरांत संगणक आले आणि प्रत्येक जण स्वतःच्या यंत्राचा व्यवस्थापक झाला, तेव्हा त्या विश्वासाचा पाया गेला. नियम मात्र अनेक प्रणालींत अजून शिल्लक आहे.

१७/ सुरुवातीला हे साधनही सर्वांसाठी खुले नव्हते. बीएसडीचा मूळ मजकूर हवा तर एटीअँडटी कंपनीचा युनिक्सचा परवाना लागे आणि तो महाग होता. १९८९ मध्ये बर्कलीने जाळ्याचा भाग वेगळा काढून ‘नेट/१’ या नावाने प्रसिद्ध केला. तो कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. दस्तकाशिवाय समुद्र खुला व्हावा तशी ही घटना होती. १९९३ मध्ये विंडोजसाठी ‘विनसॉक’ची १.१ ही आवृत्ती आली, तिचा साचाही बर्कलीचाच.

१८/ आता भारताकडे. येथील कथेचे एक मुख्य ठिकाण मुंबईत आहे : जुहूची एनसीएसटी ही संस्था. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एका विभागातून ती १९८५ मध्ये स्वतंत्र झाली; श्रीनिवासन रमाणी तिचे संस्थापक-संचालक. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘एर्नेट’ हा प्रकल्प हाती घेतला. सहभागी आठ : एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि स्वतः तो विभाग.

१९/ एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यातील पहिली ई-पत्रे साध्या टेलिफोनवरून गेली. ती पद्धत सॉकेटची नव्हती, टपालाची होती. एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रे देई-घेई आणि फोन ठेवी. पत्र पोहोचे, पण पलीकडच्या यंत्राशी जिवंत संवाद होत नसे. त्यासाठी कायमची वाहिनी हवी होती. ती ९.६ किलोबिट वेगाची वाहिनी एनसीएसटीहून अमेरिकेतील यूयूनेटपर्यंत जोडली गेली. याच काळात, मे १९८९ मध्ये, ‘.इन’ हे देशाचे नामक्षेत्र नोंदले गेले.

२०/ एर्नेटच्या कण्यावर टीसीपी/आयपी आणि तिची प्रतिस्पर्धी ओएसआय अशा दोन्ही पद्धती काही काळ शेजारी-शेजारी चालल्या. १९९५ पासून जवळपास सारी वाहतूक टीसीपी/आयपीवर आली. म्हणजे बर्कलीच्या सॉकेटला भारतात स्थान मिळाले. पण ते संशोधन संस्थांच्या आवारात. आवाराबाहेरच्या भारतीयाला जगातल्या दुसऱ्या संगणकाला हाक मारण्याचा सार्वजनिक मार्ग नव्हता.

२१/ तो मार्ग १५ ऑगस्ट १९९५ रोजी उघडला. विदेश संचार निगमाने, म्हणजे व्हीएसएनएलने, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. २५० तासांसाठी वैयक्तिक ग्राहकाला ५,००० रुपये. पण या खात्याच्या प्रकारात एक बारीक भेद दडला होता आणि सॉकेट समजल्याशिवाय तो कळत नाही.

२२/ स्वस्त खाते ‘शेल’चे होते. ग्राहकाचा संगणक टेलिफोनवरून निगमाच्या यंत्राला जोडला जाई आणि पडद्यावर केवळ अक्षरे येत. इंटरनेटवर बोलत असे ते निगमाचे यंत्र. ‘सॉकेट’ आणि ‘कनेक्ट’ या आज्ञा तेथे चालत; घरच्या संगणकाला जाळ्यावर स्वतःचा पत्ताच नसे. स्वतःचा पत्ता आणि स्वतःचे सॉकेट देणाऱ्या टीसीपी/आयपी खात्याची किंमत कितीतरी पट अधिक होती. एकाच जाळ्याचे दोन प्रकारचे नागरिक झाले : एक स्वतः हाक मारणारा, दुसरा दुभाष्यामार्फत बोलणारा.

२३/ लोकांनी यातूनही वाट काढली. ‘स्लर्प’ नावाचा सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम शेल खात्यात चालवला की घरच्या संगणकाला पूर्ण जोडणी असल्याचा आभास मिळे. घरून आलेली प्रत्येक मागणी तो स्वतःच्या नावाने, शेलच्या यंत्रावर नवे सॉकेट उघडून पुढे पाठवी. नियम न मोडता परवान्याची मर्यादा ओलांडण्याची ही युक्ती होती. गरज सरल्यावर स्लर्प विस्मरणात गेला नाही. आभासी संगणक चालवणाऱ्या साधनांत त्याचे वंशज आजही काम करतात.

२४/ मोठ्या शहराबाहेर अडसर आणखी एक. सेवेची केंद्रे महानगरांत; मुरुडहून मुंबईचा क्रमांक लावायचा म्हणजे तास न् तास एसटीडीचे दर. सॉकेट उघडण्यापूर्वी टेलिफोन उघडा हवा आणि त्याचे बिल परवडायला हवे. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना परवानगी मिळून व्हीएसएनएलची मक्तेदारी संपली. तरी किनाऱ्यावरच्या गावांत जोडणी खऱ्या अर्थाने पोहोचली ती मोबाइलच्या मार्गाने.

२५/ दार उघडे ठेवण्याची किंमतही याच काळात कळली. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर हल्ला झाला. हल्लेखोराने खोट्या पत्त्यांवरून ‘बोलायचे आहे’ हा पहिला निरोप अखंड पाठवला आणि तिसरा कधीच दिला नाही. ‘लिसन’च्या रांगेत अर्धवट जोडण्या साचल्या आणि खऱ्या पाहुण्यांना जागा उरली नाही. तट न फोडता, केवळ दारावर गर्दी करून किल्ला बंद पाडला गेला. यानंतर पहाऱ्याचे, म्हणजे फायरवॉलचे, महत्त्व वाढतच गेले.

२६/ दुसरे संकट पत्त्यांचे. जुन्या आयपी पद्धतीत पत्ते सुमारे ४३० कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे वाटले गेले. त्याआधीच, मे १९९४ च्या एका आरएफसीत, तात्पुरता उपाय मांडला गेला होता : अनेक यंत्रांनी एका सार्वजनिक पत्त्याआड राहावे. हा ‘नॅट’. तात्पुरता म्हणून आलेला हा उपाय जगभर कायमचा झाला.

२७/ नॅटचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. आतून बाहेर ‘कनेक्ट’ चालते. बाहेरून आत आलेली हाक कोणासाठी आहे, हे मधल्या यंत्राला कळत नाही. म्हणून आजच्या मोबाइलवर ‘बाइंड’ आणि ‘लिसन’ या आज्ञा निमूट यशस्वी होतात आणि ‘ॲक्सेप्ट’ वाट पाहत राहते. चूक दाखवली जात नाही. पण त्या दारापर्यंत जगातून सहसा कोणीच पोहोचत नाही. महाद्वार आहे, पाटी आहे, पहारेकरी जागा आहे. फक्त होडीला तेथवर वाट नाही.

२८/ यावरचा कायमचा उपाय म्हणून आयपीव्ही६ ही पद्धत आली. तिचे पहिले मानक डिसेंबर १९९५ चे. तिच्यात पत्त्यांचा तुटवडा नाही. सी भाषेतही बदल झाला : नावावरून पत्ता शोधणाऱ्या जुन्या आज्ञेऐवजी जुने-नवे दोन्ही पत्ते हाताळणारी ‘गेटॲड्रइन्फो’ ही आज्ञा वापरात आली. मोबाइल जाळ्यांमुळे आयपीव्ही६च्या वापरात भारत आज जगातील आघाडीच्या देशांत आहे. तरीही बाहेरून येणारी हाक बहुधा अडवलीच जाते. आता तुटवड्यापायी नव्हे, सुरक्षेसाठी.

२९/ १९८३ च्या रचनेत हाक मारणारा आणि दार उघडणारा हे दोन जन्मजात वर्ग नव्हते. कोणतेही यंत्र सकाळी क्लायंट आणि दुपारी सर्व्हर होऊ शकत होते. फरक फक्त कोणत्या आज्ञा दिल्या याचा. पुढे किमतीने, पत्त्यांच्या टंचाईने आणि भीतीने दोन वर्ग पाडले. आज मुरुडच्या मुलाला स्वतःचे संकेतस्थळ चालवायचे असेल, तर त्याला दूरच्या कंपनीच्या यंत्रावर जागा भाड्याने घ्यावी लागते. १९९५ च्या शेल खात्याप्रमाणेच दार पुन्हा दुसऱ्याच्या घरात आहे.

३०/ म्हणून सॉकेट शिकताना ते दोन्ही अंगांनी शिकावे. ‘कनेक्ट’ लिहून झाले की एकदा ‘बाइंड’, ‘लिसन’, ‘ॲक्सेप्ट’ही लिहून पाहावे, एकाच खोलीतल्या दोन संगणकांत ते आजही विनापरवाना, विनाशुल्क चालते. हाक मारता येणे ही सोय आहे. आपले दार आपण उघडून कोणाला आत घ्यायचे ते ठरवणे, ही सत्ता आहे. या किनाऱ्यावर कार्ताझ आणि दस्तक यांच्या काळातही भांडण याच दोन गोष्टींतल्या अंतराचे होते.

(धागा समाप्त)